बिनमात्रांचा डाव

मोबाईलवर दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी तोच मेसेज धाडतं. रोज शब्दांचा खेळ खेळा, मेंदूला गंज चढत नाही, म्हातारपणी विसर पडत नाही. खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. धाडणाऱ्याला वाटत असेल, बाईला एक चांगली गोष्ट कळवली. त्याला म्हणावं, एकदा आमच्या अक्काला भेटून ये. जिनं निम्मं आयुष्य रोज दुपारी शब्द जुळवण्यात घातलं, तिला आज मिठाला काय म्हणतात ते सांगता येत नाही. आणि तिच्यासमोर बसून लबाड्या करत खेळलेली मी, माझं डोकं बघा, टुणटुणीत. कुणाच्या लग्नात कुणी कुणाला हलकं पातळ नेसवलं हेसुद्धा मला आठवतं. काय करायचंय ते आठवून? पण आठवतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही दोघी सोलापुरात एकाच घरात नांदलो. आमचे नवरे सख्खे भाऊ, खाली टॉवेल-चादरींचं दुकान आणि वर आम्ही. आधी थोरले गेले, मग माझे. अक्काचा मुलगा पुण्याला नोकरीत, माझी मुलगी अकलूजला दिलेली. शेवटी राहिलो आम्ही दोघी आणि खाली शटर ओढलेलं दुकान.

अक्का अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं तिला. आमचं घर लिंगायतांचं खरं, पण सासूबाईंची कानडी मठातले स्वामी घरी आले तरच बाहेर निघायची. अक्का मीठ मागायची 'उप्पु' म्हणून. सासूबाईंना सगळं कळायचं, तरी बाई तोंड फिरवून बसायची. म्हणायची, "मीठ म्हण, मग देते." त्या काळात अक्कानं अळणी आमटी किती खाल्ली असेल देव जाणे. ती रडली नाही, भांडली नाही. एकेक शब्द गोळा करत राहिली. भाजीवाल्याकडून, शेजारणीकडून, रेडिओवरून, दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून.

मी माढ्याकडची. मी आले तोवर तिला मराठी चांगलं यायला लागलं होतं, पण बोलायची जपून. माझं बोलणं म्हणजे रानातलं. तितं, हितं, लई, न्हाय. सासूबाई नाक मुरडायच्या. अक्का मात्र भांडी घासताना हळूच विचारायची, काल काय म्हणालीस, ते परत म्हण की. मग मी सांगायची. भाजीपाल्याला आमच्यात माळवं म्हणतात. कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवतात ते बुचाड. बैलानं खाऊन उरतं ते चघाळ. ती दोन-तीनदा पुटपुटायची आणि ठेवून द्यायची. माढ्याचे निम्मे शब्द मीच तिला दिलेत.

खेळ आमच्या घरात आला तो पुतण्यामुळे, म्हणजे अक्काच्या मुलामुळे. तो शाळेत असताना कुणीतरी त्याला इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ भेट दिला. पट, बारकी अक्षरं, आणि अक्षरं ठेवायला पट्टी. पोरं खेळायची आणि अक्का दारात उभी राहून बघायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. एक दिवस तिनं दुकानातली टॉवेलची रिकामी खोकी वर आणली, पुठ्ठा कापून सारखे चौकोन केले आणि खोक्यांवर नंबर टाकायच्या मार्करनं त्यावर मराठी अक्षरं काढली. चादरीच्या कटपीसची पिशवी शिवली. मोठ्या पुठ्ठ्यावर घरं आखली. पुढं कितीही डाग पडले तरी तोच पट आम्ही शेवटपर्यंत वापरला.

आता मराठीत अडचण अशी की काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचं काय करायचं? अक्का म्हणाली, "ते सगळं फुकट." चौकोनावर नुसतं अक्षर. म, र, च ठेवायचं आणि तोंडानं म्हणायचं मिरची. झाली मिरची. पटावर मात्र नुसतं मरच दिसणार. त्यामुळे आमचा पट तिसऱ्या माणसाला वाचताच यायचा नाही. चहाला उठून परत बसलं की कुठला शब्द कुणी काय म्हणून लावलाय ते दोघींनी ध्यानात ठेवलेलं असायचं. पुतण्या म्हणायचा, काकू, ह्या खेळात अर्धा खेळ तर तुमच्या डोक्यातच आहे. खरंच होतं ते.

प्रत्येक अक्षराच्या कोपऱ्यात ठिपके. सोप्या अक्षराला एक, अवघडाला जास्त. जितके ठिपके तितके चिंचोके डब्यातून घ्यायचे. आणि सासूबाई गेल्यानंतर अक्कानं नियम केला, हरलेलीनं संध्याकाळच्या भाकरी थापायच्या. झालं. तेव्हापासून ह्या घरात भाकरी माझ्याच हातची. माझ्या मनगटांचं जे काय झालंय ते अक्काच्या हुशारीनं.

खोटा शब्द लावला असं वाटलं तर समोरचीनं पटावर पंजा आपटायचा आणि म्हणायचं, "सुळ्ळ!" कानडीत सुळ्ळ म्हणजे खोटं. आमच्या खेळात चालणारा तेवढाच कानडी शब्द. मग निवाडा. घरात शब्दकोश नव्हता, म्हणून अक्काची पद्धत अशी की गॅलरीत जायचं आणि गल्लीतून जो पहिला माणूस जाईल त्याला विचारायचं. तो म्हणेल ते खरं. एकदा मी चघाळ लावला. शब्द तिला मीच शिकवलेला, पण हरायला आली होती म्हणून तिनं पंजा आपटला. आम्ही दोघी गॅलरीत. खालून हातगाडीवर बादल्या विकणारा चाललेला. मी वरून ओरडले, "ओ भाऊ, चघाळ म्हंजे काय?" त्यानं मान वर केली. "मेरेकू क्या मालूम, बाल्टी लेना है तो बोलो." त्याच्यामागं दूधवाला होता, खेड्यातला. तो म्हणाला, "चघाळ? बैलानं खाऊन ऱ्हायलेला कडबा की." मी तिथंच नाचले. अक्का म्हणाली, दुसऱ्या माणसाचं धरत न्हाईत. त्यावरून आम्ही असं भांडलो की समोरच्या माडीवरची पद्मशाली बाई बाहेर येऊन तेलुगूत आपल्या सुनेला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

भांडणात 'तुमी' जमत नाही. आधी मी अक्काला तुमीच म्हणायची, जावेला म्हणतात तसं. पण 'तुमी लबाड आहात' म्हणताना शब्द तोंडात अडकतो. एक दिवस 'तू लबाड हाईस' निघून गेलं तोंडून. मी जीभ चावली. अक्का म्हणाली, "हां, आता बरं वाटतंय ऐकाय."

लबाड खरी मीच. हातात काही जमेना झालं की मी वाटेल ती अक्षरं ठेवायची आणि ठोकून द्यायची, आमच्या माढ्याकडं म्हणतात असं. एकदा टकमाळ लावला. अक्कानं डोळे बारीक केले.

"म्हंजे काय?"

"बैलाच्या गळ्यात घालतात. घुंगरांची."

धाडदिशी पंजा आपटला तिनं. "सुळ्ळ! बैलाच्या न्हाय, तुझ्याच गळ्यात घालते थांब!" चिंचोके घरभर उडाले. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी. गॅलरीत जायची गरजच पडली नाही. माढ्याचं काय खरं आणि काय खोटं ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या काळात माझी एकही थाप तिच्या हातून सुटली नाही. आणि खरं सांगू? मला पकडलं जायलाच आवडायचं. जिंकण्यात काय होतं, भाकरी वाचल्या असत्या इतकंच.

आमचा कायमचा वाद एकच. मी म्हणायची, हा सगळा नशिबाचा खेळ आहे. पिशवीतून तुला बरी अक्षरं येतात, मला ठ आणि ढ. अक्का म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं." अक्षरं नशिबानं येतात हे तिला मान्य होतं, पण आलेल्याचं काय करायचं ते आपल्या हातात असतं, असं तिचं ठाम मत. "मला कानडी मुलखातून उचलून मराठी घरात टाकलं, ती माझी अक्षरं," म्हणायची. "मी काय रडत बसले का?" मी म्हणायची, तुझं काय बाई, तू हुशार. मला वाटायचं, ती बरोबर आहे. आता मला तसं वाटत नाही. पिशवीतली अक्षरंच काढून घ्यायला लागलं कुणी तर कसली हुशारी आणि कसलं काय.

सुरुवात कुठून झाली ते सांगता येत नाही. आधी एवढंच की ती चहाला उठायची आणि परत बसल्यावर पटाकडं बघून विचारायची, हे काय लावलंय? मी म्हणायची, तूच लावलंस की, पालखी. "हां हां, पालखी." मला वाटलं, वय झालं. मग ती डाव हरायला लागली. मी पहिल्यांदा जिंकले तेव्हा शेजारी-पाजारी सांगून आले. पुन्हा जिंकले तेव्हाही आनंद झाला. त्यानंतर मात्र जिंकले की मी चिंचोके न मोजताच डब्यात टाकायला लागले.

एक दिवस जेवताना तिनं ताटाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "उप्पु." मी हसले. वाटलं, सासूबाईंची नक्कल करतेय. पण ती माझ्याकडं बघत राहिली, मी द्यायची वाट बघत. मीठ हा शब्द तिला सापडतच नव्हता. सासूबाईंनी अळणी खायला लावून शिकवलेला शब्द, तोच गेला आधी. हळूहळू मराठी असं मागच्या दारानं निघून जायला लागलं आणि खालून जुनं कानडी वर यायला लागलं. आणि मला कानडी येतं कुठं? 'ऊटा आयता', जेवण झालं का, एवढंच. इतकी वर्षं एका चुलीवर काढली आणि तिची भाषा शिकावी असं मला एकदाही वाटलं नाही. गरजच कुठं पडली? तीच माझ्या बाजूला आली होती.

मग गॅसचं झालं. पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते आलं की सगळं सोडून खाली पळायचं. मी टाकी भरून वर आले तर घरभर गॅसचा वास. भाकरी थापायची पाळी तिची होती, दुपारचा डाव ती हरली होती ना. बटण फिरवून ठेवलेलं, पेटवायचं राहून गेलेलं, आणि अक्का शांतपणे पीठ मळत बसलेली. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून सिलिंडरचा रेग्युलेटर मी वापर झाला की लगेच बंद करायची.

पुतण्या पुण्याहून आला, डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर भले होते. तपासण्या झाल्या, गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाले, "मेंदू चालता ठेवायला हवा. ह्यांना शब्दांचा वगैरे काही खेळ जमेल का?" मी हसायला लागले ते थांबेचना. पुतण्यानं मला बाहेर नेलं.

घरी आल्यावर त्यानं विषय काढला. पुण्याजवळ एक संस्था आहे, अशाच माणसांना सांभाळतात, सारखी माणसं असतात हाताशी. तिथं आईला ठेवावं असं त्याला वाटत होतं. मी असली भडकले! "अरे, तुझ्या आईनं उप्पु मागितलं तर तिथं कोण समजून घेणार? परत तिला अळणी खायला लावायचं का?" तो बिचारा वाईट नाही. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "काकू, तुझं तरी वय काय? परवा ती दार उघडून रस्त्यावर गेली होती. तुला गुडघ्यानं जिना धड उतरवत नाही. तुला काही झालं तर?" मी आणखी जोरात बोलले. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत बघायचं. डॉक्टरांनी सांगितलंय तसं रोज खेळायचं. फरक दिसला तर अक्का इथं राहील. नाही तर तो घेऊन जाईल.

बुडत्याला काडीचा आधार. मी ती काडी घट्ट धरली. रोज दुपारी जेवणं उरकली की पट मांडायचा. पहिले काही दिवस मी सरळ खेळले. काय सांगू, बघवत नव्हतं. ती अक्षर हातात घेऊन फिरवत बसायची, उलटं-सुलटं करायची, मग चिडून पट्टीच भिरकावायची. पालथ्या घड्यावर पाणी. आणि हरली की उठून चुलीकडं निघायची! शब्द गेले, पण हरलेलीनं भाकरी थापायच्या हा नियम काही तिच्यातून गेला नव्हता. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की अक्का, तुला आता गॅसजवळ जायची मनाई आहे? मला नाही जमलं.

म्हणून तिला जिंकवायचं ठरवलं. आमच्या चौकोनांच्या मागं टॉवेलच्या खोक्यांचा छाप होता. कुठं मोराच्या पिसाऱ्याचा तुकडा, कुठं लाल पट्टी, कुठं अर्धवट आकडा. इतक्या वर्षांत मला ते पाठीकडूनच ओळखू यायला लागले होते. अक्काचे हात थरथरतात म्हणून तिची अक्षरं मी पिशवीतून काढून द्यायला लागले, चांगली चांगली बघून. पण चांगल्या अक्षरांनी काय होतंय? ती हाताला येतील तशी ठेवायची. म, ग, र. आणि माझ्याकडं बघायची.

"मोगरा!" मी म्हणायची. "वा अक्का, मोगरा लावलास की!"

"मोगरा," ती म्हणायची, आणि तिचं तोंड उजळायचं.

मात्रा फुकट होत्या ना. तिनं काहीही ठेवलं की मी मनातल्या मनात काने, मात्रा, वेलांट्या जोडून बघायची आणि एखादा शब्द उभा करायची. ग, व, र ठेवलं, झाली गवार. न, र, ळ ठेवलं, झालं नारळ. काहीच जमलं नाही तर थाप मारायची, आमच्या माढ्याकडं म्हणतात बघ असं. तिच्या डब्यात चिंचोके वाढत जायचे. संध्याकाळी मी म्हणायची, "हरले बाई, चला भाकरी थापते," आणि ती पलंगावर पाय पसरून बसायची, जिंकल्यासारखी. रात्री मी पुतण्याला फोन करून सांगायची, आज आईनं मोगरा लावला. आज नारळ. आज जिंकली. तो तिकडून म्हणायचा, खरंच? मी म्हणायची, मग, मी काय खोटं बोलते?

आणि रोज रोज बोलून माझं मलाच थोडं खरं वाटायला लागलं. एखाद्या दिवशी ती अक्षरं ठेवताना जराशी थांबायची, तेवढ्यावर मी हुरळून जायची. शेजारणीला सांगायची, डॉक्टर म्हणतात ते काय चूक नाही बाई. काय वेडी असते माणसाची जात.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुतण्या आला. आईसाठी साडी आणली होती. दुपारी मी पट मांडला. तो जवळ खुर्ची ओढून बसला. मी पट पुन्हा पुन्हा सरळ करत होते. अक्का मात्र छान होती त्या दिवशी. न्हालेली, वेणी घातलेली, लेकाकडं बघून हसत होती. मी पिशवीतून तिला अक्षरं काढून दिली. तिनं तीन ठेवली.

"कमान!" मी म्हणाले.

पुतण्या पटाकडं वाकून बघायला लागला. क, म, न. त्याला दुसरं काय दिसणार? तो जोरात म्हणाला, "आई, कमान! क्या बात है!" ती हसली. मग तुळस झाली, पापड झाला, सावली झाली. प्रत्येक वेळी शब्द माझ्या तोंडून जायचा आणि ती मागून म्हणायची. त्याच्या ध्यानात कसं आलं नाही? यायला नकोच होतं त्याला. माणसाला जे बघायचंय ते दिसतं. डाव संपला, तिचे चिंचोके माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यानं आईला मिठी मारली. मग माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "काकू, कमाल केलीस तू. मी उगाच घाबरलो होतो. आत्ताच्या आत्ता त्या लोकांना फोन करून सांगतो, आम्ही येत नाही." आणि फोन घेऊन गॅलरीत गेला.

खोलीत आम्ही दोघीच. जमलं! अक्का कुठं जाणार नव्हती. इतकं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. ती पटावरचे चौकोन गोळा करून एकावर एक रचत होती, पूर्वी डाव संपल्यावर रचायची तसेच नीट. ते बघून मला काय झालं कोण जाणे. वाटलं, आहे की ही. इथंच आहे. आपण उगाच एवढी लबाडी करत बसलो. एकदा खरं खेळून तर बघू.

मी हळूच म्हणाले, "अक्का, आता एक खरा डाव. तुझ्या हातानं काढ."

पिशवी तिच्यापुढं धरली. तिनं हात घातला, अक्षरं काढली, पट्टीवर मांडलीसुद्धा. मी माझी काढली, न बघता. मग पहिला शब्द मी लावला. घ, ड, फ. असा शब्द ह्या पृथ्वीवर कुठं नाही.

"घडफी," मी म्हणाले. "आमच्या माढ्याकडं म्हणतात."

आणि वाट बघत बसले. मी तिच्या उजव्या हाताकडं बघत होते. तो पंजा वर जावा, धाडदिशी पटावर आपटावा, चिंचोके उडावेत, तिनं मला लबाड म्हणावं. मनात म्हणत होते, आपट गं बाई. आपट. घडफी कधी असते का? तुला काय माढ्याचे शब्द ठाऊक नाहीत? मीच दिलेत ना तुला सगळे?

अक्कानं तीन अक्षरांकडं नीट बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर लई गोड हसू होतं, दारात आलेल्या नव्या माणसाकडं बघून हसतात तसं.

"असंल," ती म्हणाली. "तुमच्याकडं म्हणत असतील की."



ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. पदर खांद्यावर नीट घेतला. "बसा, च्या घेऊन जावा," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग लायटरचा. टक, टक, टक. रेग्युलेटर मी सकाळीच बंद केलेला, त्यामुळे पेटणार काही नव्हतं. ती पेटवत राहिली.

पुतण्या आत आला तो हसतच. फोन हातात, दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर दाबून धरलेला. स्वयंपाकघरातला आवाज ऐकून त्यानं भुवया उंचावल्या. "आई चहा करतेय? बघ, किती सुधारली! त्यांचा माणूस लाईनवर आहे, जागा सोडली म्हणून सांगतो. सांगू ना, काकू? आईचं सगळं ठीक आहे ना?"

मी उजवा पंजा वर केला आणि पटावर आपटला. चिंचोके उडून त्याच्या पायाशी गेले.

"सुळ्ळ," मी म्हणाले.

लहानपणापासून त्यानं तो शब्द ऐकला होता, अर्थ सांगावा लागला नाही. तो पटाकडं बघत उभा राहिला. मग त्यानं फोन कानाला लावला आणि हळू आवाजात विचारलं की उद्याच घेऊन आलो तर चालेल का. आत अक्का अजून लायटर टकटक करत होती.